बंडूजीच्या गोठ्यातून निघालेला सूर्य

— अरे या ना गुरुजी, दारात काऊन उभे? बसा, पंखा लावते. रोहण्याहून एवढ्या उन्हात आले? आजपासून तर तुमच्या घराचे पाये खोदनं ना — आन तानबा मिस्त्रीले एकटं सोडून तुम्ही इकडे आर्वीले? बोलजा, बोलजा, सारं बोलजा, पहिले हे पाहा. तुमचं घर उभं केलं मी काँप्युटरात! कागदावरचा नकाशा तर तुम्ही गेल्या हप्त्यातच नेला, पन हे पुरं घर हाये — भिंती, छत, खिडक्या, माऊस फिरवला की घर फिरते. घ्या, पानी घ्या.

काय? हवेत? — हो नं, हवेतच हाये अजून, मुद्दाम ठेवलं तुमाले दाखवाले. घर काढनं सोपं हाये गुरुजी, घर जाग्यावर ठेवनं कठीन. हे नवीन पोट्टे काय करते, काढते कुठंबी आन खुश — घर दोन फूट हवेत, नाई तर जमिनीच्या आत. पहिले त्याचे पाय जमिनीवर टेकवा — हे पाहा, टेकले. मंग एक कोपरा धरा आन शून्यावर नेऊन ठेवा, शून्य म्हंजे जिथून सारं मोजाचं तो ठिया. तुमचा म्हंजे रस्त्याकडचा खांब. झालं. आता हे घर इंचभर हाललं तर माझं नाव सुमती नाई. एवढं बारीक काऊन पाह्यते म्हनसान — तर इथंच आर्वीत एका बाईनं, नाव नाई सांगत, घर ठेवलं सहा इंच खाली. काँप्युटरात सहा इंच म्हंजे काय, केसाएवढं! बांधून झालं, आन पावसाळ्यात रस्त्याचं पानी सरळ बैठकीत. सासूच्या चपला तरंगत गेल्या देवघरापर्यंत. तीन वर्सं झाले, अजून पाहुना आला की सासू चपलांचीच गोष्ट काढते, माझ्या तोंडावर — म्हंजे, त्या बाईच्या तोंडावर. हसू नका. बरं, मीच ते. चहा सांगू का?

थांबा, बोलजा मंग, मुद्द्याची गोष्ट तर राह्यलीच — रुख्मिनीकाकू! तुम्ही तीस वर्सं शाळेच्या क्वार्टरात काढले, आन काकूनं तीस वर्सं त्या अंधाऱ्या खोलीत दिवसाढवळ्या बल्ब लावून पोळ्या लाटल्या. आख्ख्या घरात त्या माउलीनं एकच मागतलं — सकाळचं ऊन सैपाकघरात पाह्यजे. टाइल नाई, कपाट नाई, काई नाई. मले लय लागलं ते, खरं सांगते. तुम्ही वहीत काढून आनलं तवा सैपाकघर डावीकडे होतं. मी म्हटलं, गुरुजी असून असं कसं, पूर्व तर उजवीकडे! उचललं आन इकडे आनून ठेवलं. आता कमाल पाहा, याच्यात सूर्य बी हाये — तारीख टाकते, वेळ सकाळचे सात — आला का! थेट ओट्यावर!

काय? — सूर्य उजवीकडून, बंडूजीच्या गोठ्यातून निघून राह्यला? मंग कुठून निघाले पाह्यजे? — ताराचंदच्या दुकानामागून? नाई हो, ताराचंदचं दुकान तर डावीकडे... एक मिनिट. तुम्ही रस्त्यावर उभे राहून काढलतं का हे? रस्ता खाली, दार खाली — हो नं, तसंच काढते इकडे सारे, दारातून आत जातो तसं. मंग वर... वर उत्तर नाई? वर दक्षिन हाये? अगाई गं! कोपरा इचारला, उंची इचारली, उत्तर कुठं ते इचारलंच नाई मी! काँप्युटर वरच्या बाजूले उत्तर धरते, आन मी काँप्युटरचं धरलं — सैपाकघर नेलं मावळतीले! पन गुरुजी, तुम्ही नकाशा नेला, चुन्याची आखनी झाली, तुमाले दिसलं नाई? — दिसलं होतं? मंग? — काँप्युटरले जास्त समजत असन म्हून? भूगोल शिकवला ना हो तुम्ही साऱ्या गावाले!

फोन कुठं गेला माझा... हॅलो, तानबा? सुमतीबाई बोलून राह्यली. खोदू नको, थांबव! — थांबलाच हायेस? सकाळपासून? — कोन बसलं? — काकू? सैपाकघराच्या आखनीत खुर्ची टाकून? — इथं ऊन कसं येते ते सुमतीले इचारून या, तवरिक उठत नाई म्हने? — आन इचाराले कोनाले धाडलं?

गुरुजी.

तुम्ही याच्यासाठीच आलते. दारात उभे होते तवा हेच बोलत होते — आन मी पंखा लावला, पानी देल्लं, सासूच्या चपला सांगतल्या, आन तिकडे काकू उन्हात बसून हाये!

बोला. काय सांगाचं ते सांगा. मी आता एक अक्षर बोलत नाई.