प्लास्टिकमधली टीसी

(नागपुरातल्या एका नर्सिंग कॉलेजच्या फाटकासमोर रंभाबाईची इस्त्रीची हातगाडी. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. समोर आनंदराव गजभिये आणि त्यांची मुलगी रितिका.)

आनंदराव: कपडे नाही जी, ताई. एक कागद आहे.

रंभाबाई: कागदाले इस्त्री? वीस वर्षं झाली मले या झाडाखाली, कागद कोणी नाही आणला.

आनंदराव: तू सांग वं रितू. माझ्या तोंडातून नाही निघून राहिलं.

रितिका: मावशी, ही माझी टीसी. शाळा सोडल्याचा दाखला. मले इथं नर्सिंगले सीट भेटली. कागद जमा करायचा आज शेवटचा दिवस, पाच वाजता खिडकी बंद. बाबांनी टीसीचं लॅमिनेशन करून ठेवलं, अन् खिडकीवरची मॅडम म्हणते हे चालत नाही. बाकीचे कागद पाहून वापस दिले, पण टीसी त्यांच्याजवळच जमा होते. तिच्या मागं शिक्का मारून सही करा लागते. प्लास्टिकवर शाई धरत नाही.

रंभाबाई: मग शाळेतून दुसरी आणा.

रितिका: फोन केला. हेडमास्तर म्हणे ॲफिडेव्हिट करा, अर्ज द्या, आठ दिवस लागन. इथं पाच वाजले की माझी सीट यादीतल्या पुढच्या पोरीले जाते. ती आत बेंचवर बसून आहे, तिच्या आईसंगं. माझ्याकडे पाहत पण नाही.

रंभाबाई: अन् मी काय करू?

आनंदराव: गरम केलं की त्याचा गोंद ढिला होते. मी हिंगण्याले फिलमच्या कंपनीत आहे, बिस्किटाच्या पुड्याचं प्लास्टिक बनते आमच्या इथं. कडा ब्लेडनं कापून आणल्या. तुम्ही फक्त इस्त्री फिरवा, मग हळूहळू सोलतो.

रंभाबाई: नको बाप्पा. साडी जाळली तर भरून देईन मी. हे कुठून भरून देऊ?

रितिका: तुमच्यावर नाही येणार मावशी. जळलं तर बाबांवर.

आनंदराव: माझ्यावरच आहे ते.

रितिका: कोणं सांगितलं होतं तुम्हाले लॅमिनेशन करायले? मी म्हटलं होतं ना, फाईलमध्ये राहू द्या. पण फाईल तरी कुठं माझ्या हाती देता? मावशी, बारावीचा निकाल लागल्यापासून मले हात नाही लावू दिला. घडी पडन म्हणते. आज सक्करदऱ्यापासून बसमध्ये उभे होते, एका हातानं दांडा पकडला अन् दुसऱ्या हातानं फाईल डोक्यावर. लोकं हसून राहिले होते.

आनंदराव: माझी टीसी वाळवीनं खाल्ली होती, वं. तुले कधी सांगितलं नाही.

रितिका: केव्हा?

आनंदराव: आयटीआयले नंबर लागला होता माझा. इलेक्ट्रिशियन. पेटी उघडली तर कागदाची चाळणी. तुझ्या आज्यानं खळ लावून तुकडे चिकटवून दिले, तेच घेऊन गेलो. तिथला बाबू रागावला नाही, हसलाही नाही. बाजूले सरकवलं अन् म्हणे, "पुढचा." तवापासून मले कागदाचं भेवच बसलं. तुझी टीसी हाती आली, त्याच संध्याकाळी दुकानात गेलो. म्हटलं, आता ना पाणी लागन, ना वाळवी.

रंभाबाई: आणा इकडं. थांबा, इस्त्री लय तापली आहे, दोन कोळसे काढते. वरून सुती फडका टाकू. किती वेळ ठेवू?

आनंदराव: दहा मोजा. फिरवत राहा, एका जागी नको.

रंभाबाई: आठ, नऊ, दहा. घ्या.

आनंदराव: रितू, तू ओढ.

रितिका: मी? मशीनवर तुम्ही असता.

आनंदराव: बोटं पाहा माझी. गरम रोलरचे चटके खाऊन खाऊन त्याईले आता समजत नाही, कागद कोणता अन् फिलम कोणती. तू उद्या लोकाईले सुया टोचणार आहेस. ओढ.

रितिका: फाटली तर?

आनंदराव: कागद ओढायचाच नाही. कागद दाबून ठेव, प्लास्टिक मागं वाकव, आडवं. वर नको उचलू.

रितिका: निघून राहिलं. शाळेचं नाव मोकळं झालं. माझं नाव पण. जन्मतारीख. बाबा, थांबा. शिक्का उठून राहिला. हेडमास्तरच्या सहीवरची जांभळी शाई प्लास्टिकसंगं येऊन राहिली.

आनंदराव: हात नको हलवू.

रितिका: शिक्का गेला तर ही टीसीच नाही राहणार. मले भेव लागून राहिलं, बाबा.

आनंदराव: मले पण.

रंभाबाई: एक विचारू? तुमची मॅडम शिक्का कोणत्या बाजूनं मारते?

रितिका: मागच्या.

रंभाबाई: मग समोरून काहून सोलून राहिले तुम्ही?

रितिका: बाबा?

आनंदराव: मशीनवर रोल नेहमी छापाची बाजू वर ठेवूनच लावतो आम्ही. हात तसाच गेला माझा. वापस दाब वं ते, जसं होतं तसं. ताई, वरून जराशी इस्त्री.

रंभाबाई: दाबलं. चिकटलं. आता पलटवा. मागं तर कोरंच आहे सगळं.

रितिका: चार पस्तीस झाले.

आनंदराव: घड्याळ नको पाहू. ओढ.

रितिका: फाटलं.

आनंदराव: किती?

रितिका: नखाएवढं. कोपऱ्यात.

आनंदराव: ओढत राह.

रितिका: अर्धं झालं. निघालं. बाबा, पूर्ण निघालं. मागची बाजू मोकळी आहे. चला.

आनंदराव: मी नाही येत.

रितिका: काहून?

आनंदराव: त्या खिडकीसमोर उभा राहिलो की मले तो आयटीआयचा बाबू दिसते. तू जा. टीसी घे अन् जा.

रितिका: माझ्या हाती देता?

आनंदराव: पळू नको. पडशील.

रंभाबाई: बसा भाऊ. पाणी घ्या.

आनंदराव: समोरचं प्लास्टिक पाहून नाही म्हटलं तर? मॅडम म्हणाली होती, लॅमिनेशनच चालत नाही.

रंभाबाई: आता आपल्या हातात काही नाही राहिलं.

आनंदराव: माझ्या चांगल्या करण्यानंच पोरीचं वाटोळं केलं, ताई. वाळवी परवडली.

रंभाबाई: असं नका बोलू. पाणी घ्या म्हटलं ना.

आनंदराव: किती वाजले?

रंभाबाई: पाचले पाच कमी. फाटकातून एक पोरगी येऊन राहिली पाहा.

आनंदराव: मी नाही पाहत. तुम्ही सांगा. कशी चालून राहिली?

रंभाबाई: हळू. ओढणी तोंडाले लावून आहे.

आनंदराव: रडून राहिली?

रंभाबाई: हो जी. रडून राहिली.

आनंदराव: गेलं मग.

रंभाबाई: थांबा, थांबा. ही तुमची नाही. हिच्यासंगं हिची माय आहे.

आनंदराव: बेंचवरची?

रंभाबाई: तीच असन. आली तशी चालली, बिचारी.

आनंदराव: कोणाची का असेना, पोरगीच आहे. कुठं तरी नंबर लागो बाप्पा तिचा.

रंभाबाई: अन् ही आली तुमची. आता पाहा तिकडं.

रितिका: घेतली, बाबा. मॅडम आधी उलटून पाहे, मग सुलटून पाहे. म्हणे हे काय केलं? मी सगळं सांगितलं. इस्त्रीचं पण. मग मागं बोट फिरवून पाहिलं, अन् मारला शिक्का. म्हणे समोरचं राहू दे, नीट वाचता येते.

आनंदराव: सही?

रितिका: सही पण केली. ही पावती. ॲडमिशन झाली. घ्या, फाईलमध्ये ठेवा.

आनंदराव: तूच ठेव.

रितिका: माझ्या पर्समध्ये मावत नाही. घडी पडन.

आनंदराव: पडू दे.