भिंतीची ओल अन् तुळशीरामचे दोडके

तुमी हासान, पण सांगतो. धनज गावात आमच्या शेजारी तुळशीराम राहे. त्याचा दोडक्याचा वेल मांडवभर पसरला होता, अन् आमच्या दोघाईच्या मधल्या भिंतीले लागून लावलेला माहा वेल गुडघ्याच्या वर जाईना. मले ते पाहवे ना. मी माह्या वेलाले रोज दोन घागरी पाणी घालू लागलो. वेल काही वाढला नाई, पण भिंत मातीची, तिले कमरेएवढी ओल आली.

म्या म्हटलं, हे काम तुळशीरामच्या न्हाणीचंच. त्याले चार लोकाईत खोटं पाडावं म्हून कामरगावच्या रहीमचाचा गवंड्याले बैलबंडी पाठवून बोलावलं.

चाचानं भिंतीचा पायथा उकरला अन् खालून मुळाईचं जाळं उचललं.

"न्हाणी साफ कोरडी आहे," चाचा बोलला. "ओल तुमच्याच घागरीची. अन् हे मुळं तुळशीरामच्या वेलाचे. भिंतीखालून तुमच्याकडं पाणी प्याले येऊन राह्यले."

"म्हणजे?"

"म्हणजे पाणी तुमचं, दोडके त्याचे."

तुळशीराम हासला असता तरी चाललं असतं. तो म्हणे, "भाऊ, मले मालूम नव्हतं. आतापासून अर्धे दोडके तुमचे."

म्या त्याच दिवशी पाणी बंद केलं. पंधरा दिवसात भिंत वाळली, अन् त्याचा वेलही वाळला.

बायको म्हणे, "एक भिंत वाळली तर माणूस एवढा खुश होते काय?"

म्या म्हटलं, "कोणती भिंत?"