गुळगुळीत टायरवरचा गणपती

टायरचं म्हणाल, तर माझाही अनुभव ऐका. माझ्या गाडीचे मागचे दोन्ही टायर घासून गुळगुळीत झाले होते. बायको रोज म्हणायची, नवे घाला. मी म्हणायचो, गणपती होऊन जाऊ देत.

पेणहून गणपतीची मूर्ती घेऊन रोह्याला निघालो आणि खांबजवळ मागचा टायर फुटला. स्टेपनी डिकीत, आणि तिच्यावर पाटासकट गणपती. घरी पोचेपर्यंत मूर्ती खाली ठेवायची नाही, असं आमच्याकडे पाळतात. म्हणून बरोबर आलेल्या मेव्हण्याने ती उचलून धरली.

मी जॅक लावतोय तोवर येणारीजाणारी माणसं थांबून हात जोडायला लागली. कुणी जास्वंदीचं फूलही वाहिलं. मेव्हण्याचे हात भरून आले होते.

"भावोजी, आटपा," तो म्हणाला. "नायतर दीड दिवस हितंच बसवू."

तेवढ्यात बाजूच्या शेतातनं एक आजी आल्या. मूर्तीच्या पाया पडल्या, फुटलेल्या टायरवरून हात फिरवला आणि परत हात जोडले.

"देवा, पुढल्या वर्षी लवकर ये," त्या म्हणाल्या. "पन या गाडीनं येव नको."