पायरीवरची कोंबडी

मंडळी, सरकून बसा आणि मला एक सांगा. देवाला आधी काय पाहिजे — आपलं अर्पण, की आपलं दुखावलेलं माणूस? नुसत्या माना डोलवू नका, उत्तर द्या! नाही येत? मग ऐका.

गोदाकाठी एक खेडं. तिथं दोन जावा — थोरली एलीशिबा, धाकटी सुवार्ता. धाकटीचा नवरा ऐन उमेदीत गेला, मूलबाळ नाही. मग तिनं थोरलीच्याच पोराला जीव लावला. न्हाऊमाखू घातलं, कडेवर मिरवलं. त्या पोराचं लग्न ठरलं. हळदीला हिनं वाटीत बोटं बुडवली, तर थोरली भरल्या मांडवात म्हणते, "थांब गं. विधवेचा हात नको."

आता बघा! बाप्तिस्मा घेतला, बायबल उशाशी ठेवलं — आणि अपशकुन तेवढे पदराला गाठ मारून सोबत आणले! हसताय? आपापले पदर तपासा.

सुवार्तानं पिवळी बोटं लुगड्याला पुसली आणि गेली. जावेशी बोलणं बंद, देवळात येणं बंद.

पुढं एलीशिबाच्या लेकीचं लग्न आलं. लग्नाआधीच्या रविवारी कापणीची उपासना. कुणी भोपळा आणला, कुणी कणसं. एलीशिबानं आणली घरची कोंबडी, पाय बांधून. पाळकसाहेबांनी वचन वाचलं — कुणाचं मन तुझ्याविषयी दुखावलं असेल, तर अर्पण तिथंच ठेव. आधी जा, समेट कर.

एलीशिबा उठली. वेदीच्या पायरीवर कोंबडी ठेवली आणि चालू लागली! तुम्ही-आम्ही वचनाला 'आमेन' म्हणतो. ही बाई खरंच निघाली. मागं कोंबडीचा कलकलाट. लोक म्हणाले, "साहेब, उरका प्रार्थना." साहेब म्हणाले, "थांबू या. वचन मीच वाचलंय."

सुवार्ता अंगणात ज्वारी पाखडत होती.

"आक्का, उपासना सुटली?"

"नाही गं. कोंबडी ठेवून आले." थोरली तिच्यापुढं खाली बसली. "मी चुकले. पोरीला पहिली हळद तू लाव."

सूप थांबलं. सुवार्ता हळूच म्हणाली, "मांडवभर माणसांत बोलली होतीस, आक्का. इथं ऐकायला कोण आहे? चिमण्या?"

खरंय की नाही, मंडळी? अपमान करताना आपल्याला लाऊडस्पीकर लागतो, माफी मात्र कानात मागायची!

एलीशिबानं तिचा हात धरला. "चल."

देवळात मांडवातलीच सगळी माणसं बसलेली. थोरली उभी राहिली. म्हणाली, "ह्याच हातानं माझं लेकरू वाढवलं आणि ह्याच हाताला मी अपशकुनी ठरवलं. मी पाप केलं. सुवार्ते, मला क्षमा कर."

आता सगळे सुवार्ताकडं बघायला लागले. ती पाठ फिरवून गेली असती, तरी कोण बोललं असतं? ती पायरीशी गेली. वाकली, कोंबडी उचलली आणि जावेच्या हातात दिली.

"घे आक्का. आता दे देवाला. कवाधरनं बांधून ठेवलीस बिचारीला."

दोघी रडायला लागल्या. पाळकसाहेबांचा चष्मासुद्धा ओला झाला. आणि लग्नात पहिलं बोट हळदीचं कुणाचं, हे मी सांगायला पाहिजे का?

मंडळी, आता अर्पणाची थैली फिरायची आहे. पण तुमच्यातल्या कुणाला आधी कुणाच्या तरी अंगणात जायचं असेल, तर उठा, लाजू नका. थैली इथंच आहे. आम्ही थांबतो.