तापातली बोली

न्हाई हो अण्णा, माझ्या धाकट्या गुरम्माला इंग्रजीचा वारासुद्धा लागलेला न्हाई — गळ्यातल्या लिंगाची आण, हे बघा हातात घेऊन सांगतो. तुमच्या उदगीरला कुणी कानावर घातलं असंल ते थोरलीचं, महानंदाचं. बसा ना, उठता कशाला? एवढ्या उन्हात पोरगी बघायला आलात अन् अर्धीच गोष्ट ऐकून जाणार? सिद्रामप्पा अडत्या म्हणून मोंढ्यात कुणालाबी विचारा, सगळं लातूर वळखतं. खोटं बोलून सोयरीक करायची न्हाई मला. एकदा केली, बास झालं.

तर थोरली. शिकवली म्हणाल तर कुणी शिकवली न्हाई. माझं घरातलं माणूस दोन साल अंथरुणाला खिळलं होतं — तवा दवाखान्याची गोरी मडम रोज यायची. पोरगी अकरा-बारा वर्षांची, मडमच्या मागं मागं. हे दे, ते उचल, बाटल्या धू — ऐकून ऐकून उचललं तिनं. अन् कसं उचललं! डोळे मिटून ऐका, मडमच बोलायली असं वाटायचं. बायको गेली, मडम बदलून गेली, बोली तेवढी ऱ्हायली. मला गंमत वाटायची — खोटं कशाला, लई अभिमान वाटायचा.

मग ते लेव्हीचं साल. लढाईचे दिवस, सरकारात जोंधळा घालायचा, अन् कुणीतरी चुगली केली की सिद्रामप्पानं पोती दडवली. हैदराबादेहून गोरा साहेब आला, थेट घरात. तहसीलदार उर्दूत झापत होता अन् मी हात जोडून उभा. नांदेडहून माधवराव वकील आणला होता, इंग्रजी बोलणारा म्हणून. काय ते इंग्रजी अण्णा — गाडीतून खडी सांडावी तसं! साहेब मिशीत हसला. तरी वकिलाला खुर्ची दिली बरं का. तेवढ्यात दाराआडून महानंदा बोलली. काय बोलली ते मागून तिनंच सांगितलं — जोंधळा आमचा न्हाई, अडतीला आलेला हाय, ज्याचं त्याचं नाव पोत्यावर हाय, बघून घ्या. एवढंच. साहेब खुर्चीतून उठला हो! माझ्या पोरीसाठी! जप्ती तिथल्या तिथं थांबली.

वाचलो ना मी? वाचलो. पण सांजच्याला मोंढ्यात काय चर्चा? वकिलाचं मोडकंतोडकं — ती विद्या. माझ्या पोरीचं सरळ — तो चाळा. ‘असं बोलणं साहेबाजवळ बसल्याबिगर येतं का?’ — माधवरावच म्हणाला हे, माझ्याच ओसरीवर, पान लावत. अन् म्या काय केलं? चुन्याची डबी पुढं केली. काय करणार होतो? त्याच्याबिगर कचेरीत माझं एक काम व्हायचं न्हाई.

ठरलेली सोयरीक मोडली. मग घाईघाईनं लोहा गावाला दिली, अन् त्यांना सांगितलं, पोरीला काईच येत न्हाई, साधी हाय. तिला माझी शपथ घातली — त्या बोलीतला एक शब्द काढायचा न्हाई. चार साल न्हाई काढला. माझी पोर हाय ती, शब्दाची पक्की.

बाळंतपणात ताप चढला. तापातल्या माणसाला कसली शपथ हो? बोलायला लागली — इंग्रजी, गोऱ्या बाईच्या आवाजात. सासू किंचाळली, भानामती, भानामती! सांगावा आला, मी पळत गेलो. मांत्रिक चुलीत सळई तापवून बसला होता. मला म्हणतो, सिद्रामप्पा, ही कोण बोलायली हो तुमच्या पोरीत? मी उंबऱ्यातच. इंग्रजी मला येत न्हाई अण्णा. पण तो एक शब्द येतो. मडम दिसातून दहादा म्हणायची अन् माझी पोर तांब्या घेऊन पळायची. वॉटर. पाणी मागत होती हो पोरगी, निसतं पाणी! तेवढं मी बोललो असतो, तर म्हणाले असते, फसवलं आमाला. पोरगी टाकली असती. धाकटी घरात बिनलग्नाची. म्या म्हणलं — मला काय ठाव.

जिभेवर डाग दिला. मी तिथंच होतो. तिनं माझ्याकडं बघितलं.

लेकरू त्यांनी ठेवून घेतलं, हिला परत पाठवली. आता इंग्रजी न्हाई अन् मराठीबी न्हाई. हे सांगायचं न्हवतं मला — आजवर कुणालाच न्हाई सांगितलं. तुमी नुसतं विचारलं, धाकटीला इंग्रजी येतं का, अन् मी —

ही बघा, आलीच. पाव्हणा आला की न सांगता पाणी आणते. घ्या अण्णा. उन्हातून आलात, घ्या. काय झालं? हात का मागं घेतला? तांब्या घासलेला हाय, पाणी आडाचं — अस्सं. तिच्या हातचं नको.

ठेव महानंदा, ठेव तांब्या. आत नको जाऊ. हितं बस, माझ्याजवळ. आण ते पाणी, मी पितो.

तुमची पायताणं दाराशी हाईत, अण्णा. उठा.