कॉम्प्युटर म्हणाला, विष नाही

कॉम्प्युटर चुकत नाही म्हणता ना, मग वर्ध्याच्या एका कॉलेजातलं हे ऐका. नव्वदचं दशक सरत आलं होतं. तिथल्या रसायनशास्त्राच्या सरांनी फवारणीच्या विषांचा कोश कॉम्प्युटरवर केला होता. पडद्यावर रेणूची आकृती काढायची, की विषाचं नाव आणि त्यावरचा उतारा हजर. सोमवारपासून हे यंत्र दवाखान्यात बसणार होतं. मी बातमीसाठी गेलो होतो.

सरांनी आकृती काढली. नाव आलं, उतारा आला, टाळ्या पडल्या. मी म्हटलं, "आता डॉक्टर मॅडमना काढू द्या. दवाखान्यात त्याच बसणार आहेत."

मॅडमनी त्याच विषाच्या डब्यावरची आकृती पाहून काढली. अणू तेच, जोड तेच, फक्त कंपनीनं डावी बाजू उजवीकडे छापली होती. पडद्यावर अक्षरं उमटली: "हे विष नाही."

मी सरांकडे वळलो. "अहो, विष कसं नाही?"

सर हसले. "कॉम्प्युटर चित्राशी चित्र जुळवते. जुळलं नाई, तर विष नाई. मॅडम, उलटी काऊन काढून राह्यल्या? सरळ काढा ना!"

"आणि हिंगणी गावचा पेशंट समोर तडफडत असला, तर?" मॅडमनी विचारलं.

"तरी सरळच काढा लागन."

मॅडमनी तो डबा सरांपुढे सरकवला. "मग सर, तुम्ही हे उलट्या बाजूनं पिऊन दाखवा."