काचेवरची मुलगी

फोटोवाला : ‘हरवली आहे’चा फोटो उन्हानं फिका पडलाय ना, म्हणून म्हटलं. दुकानाच्या काचेवर नवीन लावू? तुमच्याकडून काही घेणार नाही, ताई.

आई : नवा नको. माझ्या मुलीचा मूळ फोटो द्या. पुटकुळ्यांचा.

फोटोवाला : तो कुठला असायला. समोर चेहरा आला की डाग पुसायचे, हाताला सवयच झालीये. मूळ आम्ही ठेवत नाही.

आई : मीही सांगितलंच होतं की, जरा साफ करा. पोर घरातून निघून गेलेली, आणि मला लोकांची लाज वाटली.

फोटोवाला : पण फोन येतात म्हणालात?

आई : पाच महिने येतायत. बसथांब्यावर दिसली, दवाखान्यात दिसली. मी विचारते, चेहरा कसा होता? म्हणतात, फोटोसारखाच, नितळ.

फोटोवाला : बरी झाली असेल हो.

आई : एकाच दिवशी तीन गावांत? काल तर आमच्याच गल्लीतून फोन आला. म्हणे, तुमचं घर विचारत होती. अहो, माझी मुलगी घर कशाला विचारेल? आणि ती तशी नितळ कधी नव्हतीच.

फोटोवाला : मनाला लावून घेऊ नका. पिंपल्स काय, त्या वयात सगळ्यांनाच येतात.

आई : डॉक्टरही तेच म्हणाले. वय आहे, वडिलांकडून आलंय, औषध तीन महिने द्या. मी तीन आठवड्यांत बंद केलं, कातडी सोलतेय म्हणून. मग तिच्यावरच घसरले. तळकट खातेस, तोंड धूत नाहीस. आठ-आठ वेळा धुवायची हो ती.

फोटोवाला : ताई, परवा एक मुलगी आली होती. गाल, कपाळ, सगळं भरलेलं. फोटो काढायचाय म्हणाली, पण काही पुसायचं नाही.

आई : मग?

फोटोवाला : काचेपाशी उभी राहिली. विचारलं, ही सापडली का? म्हटलं, नाही, आई शोधतेय अजून. तर म्हणाली, शोधू दे, तिला हीच हवी होती. फोटो न काढताच गेली.

आई : आणि तुम्ही ओळखलं नाहीत?

फोटोवाला : काचेवरच्या फोटोशी ताडून पाहिली, ताई. जुळली नाही.